कारण : ताप. १९५७ च्या एका मृत्यूचे कागद शोधताना

सांगलीच्या गावभागातल्या एका हळदीच्या पेढीची थोरली सून १९५७ च्या दिवाळीनंतर वारली. वय एकोणतीस, पदरात दोन मुलं. घरचं नाव इथे येणार नाही. नातवंडांनी कागद शोधायला होकार दिला तो त्याच अटीवर. त्या मृत्यूबद्दल तीन गोष्टी अजून सांगितल्या जातात. हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, ढकललं. डॉक्टरच्या पुडीतून विष दिलं. पोलिसांना पैसे चारून प्रकरण मिटवलं. पुरावे ठरलेले : पालिकेत कारण म्हणून नुसता ‘ताप’ लिहिलाय, नवरा खबर द्यायलासुद्धा गेला नाही, आणि सहा महिन्यांत पुन्हा बोहल्यावर चढला.

शोध जून २०२४ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०२५ मध्ये थांबला. असा जुना मृत्यू उकरायचा असेल तर कुठून सुरुवात करायची, कुठे दार बंद होतं आणि कुठला कागद काय बोलतो, ते क्रमाने लिहितो.

सुरुवात तारखेपासून. घरात तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, तिथी सगळ्यांना पाठ : कार्तिक वद्य पंचमी, कारण श्राद्ध त्या दिवशी होतं. वर्ष धाकट्या मुलाच्या वयावरून १९५६ की ५७ असं डळमळत होतं. जुन्या पंचांगात १९५७ साली ही तिथी १२ नोव्हेंबरला येते. इथे पहिला खड्डा आहे. पंचांगात दिवसापुढे छापतात ती सूर्योदयाची तिथी, श्राद्धाला धरतात ती प्राण गेला त्या वेळची. रात्री मृत्यू झाला असेल तर इंग्रजी तारीख एक दिवस अलीकडची निघते. म्हणून अर्जात एकच तारीख न घालता ‘दि. १० ते १४ नोव्हेंबर १९५७’ असं लिहिलं. नोंद ११ तारखेची, रात्रीची सापडली. नुसती १२ तारीख लिहिली असती तर ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर आलं असतं आणि ते खरंही असतं.

मृत्यूचा दाखला काढायला १४ जूनला अर्ज केला. सांगली नगरपालिका १९९८ मध्ये मिरज आणि कुपवाडसह महापालिकेत गेली, त्यामुळे जुनी रजिस्टरं आता तिकडे असतात. शोधाची फी वर्षागणिक लागते. ‘१९५० ते ६० पाहून द्या’ असा मोघम अर्ज केला तर पैसे वाढतात आणि पाहणाऱ्याचा उत्साह कमी होतो. रकमेने बोजा नाही, वेळेने आहे. नोंद नसेल तर गप्प परत यायचं नाही. नमुना १० मधलं अनुपलब्धता प्रमाणपत्र मागून घ्यायचं. पुढे कुठेही तेच लागतं. आम्हाला बाराव्या दिवशी दाखला मिळाला : नाव, तारीख, ठिकाण, नवऱ्याचं नाव. कारण नाही.

घरच्यांना तिथेच पहिला संशय आला की कारण मुद्दाम गाळलंय. तसं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे की कुणालाही दिलेल्या मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करायचं नाही. तुमच्याआमच्या सगळ्यांच्या दाखल्यावर ते नसतंच. कारण पाहायचं तर मूळ रजिस्टर पाहावं लागतं, आणि त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज.

१ जुलैला तो टाकला. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात हे दोन्ही बंधनकारक आहे आणि यावरच बरेच अर्ज परत येतात. मागणी ‘माहिती द्या’ अशी न करता ‘अभिलेखाची पाहणी करू द्या व निवडलेल्या पानांच्या प्रती द्या’ अशी लिहायची. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, प्रत पानाला दोन रुपये. आणि एक वाक्य न विसरता घालायचं : ‘सदर घटना अर्जाच्या दिनांकापूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ घडलेली असल्याने कलम ८(३) लागू होते.’ वीस वर्षांपलीकडच्या घटनेला कलम ८(१) मधले फक्त (क), (ग) आणि (झ) एवढेच अपवाद उरतात : देशाची सुरक्षा वगैरे, विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद. ‘त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती’ हे नेहमीचं कारण त्यात बसत नाही. पावसाळ्यात सांगलीत अर्ज टाकायचा तर हेही धरून चाला की कृष्णेचं पाणी चढायला लागलं की निम्मी सरकारी माणसं पूरनियंत्रणाला जातात. तरी पत्र चोविसाव्या दिवशी आलं.

रजिस्टर लांबट, कापडी पाठीचं. कडा तपकिरी, शाई निळीची जांभळी झालेली. उजवीकडून तिसऱ्या रकान्यात एकाच बाकदार अक्षरात ‘ताप’. फक्त तिची ओळ वाचून उठलो असतो तर अफवा आणखी वीस वर्षं जगली असती. त्या पानावर एकूण तेवीस नोंदी आहेत. त्यांपैकी चौदांपुढे ‘ताप’ आहे. उरलेल्यांत खोकला, हगवण, ‘इतर’ आणि एक ‘भाजून’. पुढच्यामागच्या पानांवरही हेच प्रमाण. त्या काळच्या नमुन्याला कारणांची चौकटच अशी होती : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे रोग, इजा आणि इतर. डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलेलं नसे. खबर देणारा सांगेल ते कारकून यांपैकी एका खणात टाकी. टायफॉइड, मलेरिया, बाळंतरोग, मेंदूज्वर, सगळं ‘तापा’त. शिवाय त्याच वर्षी मे महिन्यात आशियाई फ्लू मद्रासच्या बाजूने देशात शिरला होता. तेव्हा ‘ताप’ या शब्दात लपवाछपवी शोधू नये. त्यात निदानही शोधू नये.

खबर देणारा म्हणून पेढीच्या मुनिमाची सही होती, तारीख १३. नवरा का गेला नाही याचं उत्तर कुठल्या कायद्यात नाही, सुतकात आहे. दहा दिवस घरातला कर्ता पुरुष कचेरीची पायरी चढत नसे. त्याच पानावर आणखी सहा ठिकाणी खबर देणारा शेजारी किंवा नोकर आहे. दुसऱ्या लग्नाचंही तसंच. ‘वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं’ ही रूढी आणि घरात दोन लहान मुलं. सहा महिने आपल्याला आज टोचतात, तेव्हाच्या गावभागाला टोचले असतील असं नाही. मात्र हे स्पष्टीकरण झालं, निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

पोलिसांच्या कागदांसाठी अर्ज त्याच आठवड्यात केला होता. अकस्मात मृत्यूची चौकशी तेव्हा १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई. १९७३ च्या संहितेतही कलम तेच राहिलं आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ झालं. जुन्या घटनेसाठी जुनंच कलम लिहा, नाहीतर अर्ज वाचणारा गोंधळतो. मुंबईसारखा कॉरोनर सांगलीत नव्हता. इथे पोलीस, पंच आणि मरणोत्तर पंचनामा. संशय वाटला तरच शवविच्छेदन. मागायचं ते असं : अकस्मात मृत्यू रजिस्टरमधली त्या आठवड्याची पानं, मरणोत्तर पंचनामा आणि स्टेशन डायरी.

जिल्ह्याचं नाव चुकवू नका. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि सांगली ‘दक्षिण सातारा’त आली, ‘सांगली जिल्हा’ हे नाव १९६० च्या नोव्हेंबरात मिळालं. म्हणजे १९५७ चा गठ्ठा असलाच तर त्यावर ‘द. सातारा’ असेल, आणि फिर्यादी ‘मुंबई राज्य’ असेल, महाराष्ट्र नव्हे. रेकॉर्ड रूममध्ये ‘सांगली १९५७’ अशी चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो. मृत्यू १९४८ च्या मार्चपूर्वीचा असेल तर गोष्ट आणखी वेगळी, कारण तेव्हा सांगली संस्थान होतं.

एका कचेरीतून सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं : ‘खाजगी माहिती, सबब देता येत नाही.’ प्रथम अपील जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टँप, तीस दिवसांच्या आत. ८(३) पुन्हा लिहिलं. सुनावणी सप्टेंबरात दहा मिनिटांत झाली आणि उत्तर बदललं : ‘अभिलेख मुदतीनंतर नष्ट.’ पहिलं उत्तर देताना फाइल पाहिलीच नव्हती, एवढा त्याचा अर्थ. अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा दुसरा कागद मागावा. सरकारी दप्तर अ, ब, क-१, क आणि ड अशा वर्गांत असतं : अ कायमचं, ब तीस वर्षं, क-१ दहा, क पाच, ड एक. नाश केलेल्या दप्तराची नोंदही ठेवायची असते. म्हणून ‘नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी व नाश करण्याचा आदेश’ मागितला. यादी आली नाही. ‘यादी उपलब्ध नाही’ हे सहीशिक्क्याचं पत्र मात्र नोव्हेंबरात मिळालं. नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. केलं नाही. जळालेला किंवा कुजलेला कागद आयोगही उभा करू शकत नाही, आणि २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं हे सांगलीत कुणाला सांगायला नको. तळमजल्यावरच्या कपाटांची काय गत झाली ते प्रत्येकाने पाहिलंय.

पोलिसांकडे कागद नसण्याचे तीन अर्थ होतात : नोंद झालीच नाही, झाली आणि मुदतीत नष्ट झाली, झाली आणि कुणी काढून टाकली. रिकाम्या कपाटावरून यांतला एक निवडता येत नाही. अफवा मात्र तिसराच निवडते.

वर्तमानपत्रांसाठी कोल्हापूरच्या एका ग्रंथालयात ऑक्टोबरमध्ये दोन दिवस घालवले. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून पुढचे वीस दिवस तरी पाहायचे. जिल्ह्याची बातमी तेव्हा टपालाने जाई. दोन ओळी मिळाल्या, ‘अल्पशा आजाराने’. हा शब्दप्रयोग निधनवार्तेत सगळ्यांनाच लावत, त्यावर काही बांधू नका.

मालमत्तेचा धागा थोडक्यात संपला. तिच्या नावावर एक घर होतं म्हणून मारलं, अशी चौथी कुजबुज मध्येच निघाली. नगर भूमापनकडची मिळकत पत्रिका आणि दुय्यम निबंधकाकडची सूची पाहिली. पुस्तक क्र. १ आणि त्याची सूची कुणालाही पाहता येते. मृत्युपत्रांचं पुस्तक क्र. ३, करणारा वारल्यावर कुणीही प्रत मागू शकतो. घर होतं. १९५८ मध्ये वारस म्हणून दोन्ही मुलं आणि नवरा लागले. १९५६ चा हिंदू वारसा कायदा तेच सांगतो.

विषाच्या गोष्टीवर वकील संघाच्या लायब्ररीत एक संध्याकाळ गेली, ती वाया गेली नाही. तिथे AIR या निकालांच्या छापील खंडांच्या क्रमांकावरून नव्हे तर खटल्याच्या नावावरून शोधायला सांगितलं : अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य, सर्वोच्च न्यायालय, १४ डिसेंबर १९५९. आमच्या मृत्यूच्या बरोबर एक वर्ष आधीची घटना. पुण्याच्या सधन विधवा लक्ष्मीबाई कर्वे १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री डॉ. लागूंबरोबर रेल्वेने मुंबईला निघाल्या. पहाटे त्यांना बेशुद्धावस्थेत जी. टी. रुग्णालयात दाखल केलं, वेगळ्या नावाने, आणि दुपारच्या आत त्या गेल्या. प्रेत बेवारस ठरून विच्छेदन शिकवण्यासाठी ग्रँट मेडिकल कॉलेजकडे जायच्या वाटेवर होतं. मानेवरची खूण दिसली म्हणून दहा दिवसांनी शवविच्छेदन झालं. रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. तरीही शिक्षा कायम झाली, दोन विरुद्ध एक मताने, कारण मृत्यूनंतर त्यांच्या नावाने लिहिलेली खोटी पत्रं, त्यांचा पैसा हळूहळू काढून घेणं, रुग्णालयात दिलेली खोटी माहिती, असा परिस्थितीचा दोर जुळला होता. न्या. सरकार यांना तो पुरेसा वाटला नाही. हे निकालपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, आणि जुन्या विषप्रयोगाबद्दल बोलणाऱ्याने ते आधी वाचावं. ‘व्हिसेरात विष नव्हतं’ याने खून नाकारला जात नाही, आणि ‘व्हिसेरा तपासलाच नाही’ याने सिद्धही होत नाही. मग वागणुकीचे कागद पाहावे लागतात.

ते घरातच होते. माळ्यावर पेढीच्या कीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, लाल कापडात. सगळ्यात जास्त माहिती इथे निघाली आणि सगळ्यात शेवटी, ही आमची चूक. सरकारी दारांवर पाच महिने घालवण्याआधी माळा पाहायला हवा होता.

१९५७ म्हणून आधी जी वही उघडली तिच्यात नोव्हेंबर नव्हताच. पेढीचं वर्ष दिवाळीत बदलतं. त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली, त्यामुळे मृत्यू नव्या वहीत, संवत २०१४ मध्ये. जानेवारी ते दिवाळी १९५७ ही २०१३ ची वही. दुसरी गफलत महिन्याची : मुनीम मारवाडी असेल तर आपली कार्तिक वद्य पंचमी त्याच्या वहीत मार्गशीर्षाची असते. आमचा मुनीम मराठी, पण अक्षर मोडी. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी पानाला दीडशे रुपये घेतले, चौदा पानं, महिना लागला. फोटो काढताना वही पूर्ण उघडून दाबू नका, शिवण सुटते. फ्लॅश नको, सकाळी खिडकीजवळचा उजेड पुरतो. फाटलं तरी चिकटपट्टी आणि लॅमिनेशन नको. आणखी एक : रुपयानंतरची उभी रेघ म्हणजे एक नव्हे, पावली. ३॥। म्हणजे पावणेचार. नवे पैसे एप्रिलपासून आले होते, पण मुनीम आण्यातच लिहीत होता.

नोंदी अशा. कार्तिक शुद्ध ११, ‘डॉ. व्हिजिट ५’. शुद्ध १३, ‘बर्फ ॥’. पुन्हा बर्फ १४ला, १५ला, वद्य २ला. वद्य १, ‘मिरजेहून डॉक्टर, मोटार जाऊनयेऊन १२’. वद्य ३, ‘मोसंबी १।’. वद्य ४, ‘तारा २, सोलापूर व पुणे, ३॥।’. सोलापूरला तिचं माहेर. वद्य ५ सकाळी लाकडं, गोवऱ्या, मडकं. नऊ दिवसांचं आजारपण खर्चाच्या बाजूला उभं आहे. आधी साधा डॉक्टर, मग बर्फ, मग मिरजेचा डॉक्टर, मग माहेरी तार. पेवाची गोष्ट इथे संपली. पेवात हवा कोंडते, म्हणून ते उघडलं की आधी कंदील सोडत, विझला तर माणूस उतरत नसे. आत गुदमरलेल्या माणसासाठी दिवसेंदिवस बर्फ आणत नाहीत. माहेरच्यांना अंधारात ठेवलं असंही म्हणत, तेही पडलं, तार मृत्यूच्या आधीची आहे. विषाची गोष्ट मात्र कीर्दीने पडत नाही. ताप देणारं विष दुर्मीळ, हे खरं. पण पुडीत काय होतं ते खर्चाच्या रकान्यात येत नाही.

नातीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बर्फाच्या चार नोंदी पुन्हा वाचून दाखवायला सांगत राहिली.

सगळा सरकारी खर्च शंभर रुपयांच्या आत : अर्जांचे आणि अपिलाचे स्टँप, अकरा प्रती बावीस, दाखल्याची किरकोळ फी. मोडीचे एकवीसशे. बाकी एस.टी. आणि रजिस्टर टपाल. कागद एका बॉक्स फाइलमध्ये तारखेने लावलेत, नकाराची पत्रंसुद्धा, कारण तीही उत्तरं आहेत.

एक नोंद सुटली नाही. कार्तिक वद्य ८, म्हणजे मृत्यूनंतर चौथ्या दिवशी, ‘१५१ खर्च, हस्ते खुद्द’. नाव नाही, कारण नाही. त्या वहीतल्या बाकी प्रत्येक रकमेपुढे काही ना काही आहे, अगदी मोसंबीपुढेही. दशक्रियेचं आगाऊ असेल, मिरजेच्या डॉक्टरचं बिल असेल, देवाला असेल. अफवेला जे हवंय तेही असेल. मोडी वाचणाऱ्यांनी तो शब्द भिंगाखाली दोनदा पाहिला; ‘खुद्द’च आहे. तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय. वहीवर नाही, झेरॉक्सवर.